छताच्या हुकाला टांगलेली नवी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी नवी सायकल आहे. हसू नका. जुनी अशासाठी, की माझ्यामागून दुकानात आलेल्या कित्येक सायकली रस्त्यावर झिजून, गंजून केव्हाच भंगारात गेल्या. आणि नवी अशासाठी, की इतकी वर्षे माझ्या चाकाला रस्त्याची धूळसुद्धा लागली नव्हती. तुमच्या निबंधांत फाटके पुस्तक बोलते, मोडकी छत्री बोलते. त्यांनी निदान कुणाच्या उपयोगी पडून दुःख भोगले. कुणीच न वापरलेल्या वस्तूला काय वाटते, हे कुठलेच गुरुजी परीक्षेत विचारत नाहीत. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका बेटावर झाला. इकडे येताना भर समुद्रात एका देवमाशाने आमच्या जहाजाला ढुशी दिली. खलाशी रडू लागले. मी जोरात घंटी वाजवली आणि देवमासा मुकाट्याने बाजूला झाला. माझ्या जातीच्या सायकलीला घंटी नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही तो बाजूला झाला, एवढे खरे.

पुण्यात मी उतरले ती नाना पेठेत, गुलजारभाईंच्या दुकानात. त्यांच्या आजोबांनी तासाच्या भाड्याने सायकली दिल्या. वडिलांनी काळ्या, दणकट सायकली विकल्या. गुलजारभाईंच्या वाट्याला दुकान आले तोवर सारे गाव स्कूटरवर बसले होते. मग हिंजवडीला काचेच्या इमारती उगवल्या. त्यांत दिवसभर बसून राहणाऱ्यांची पोटे पुढे आली, डॉक्टरांनी कान उपटले, आणि एक दिवस एका गृहस्थाने दुकानात येऊन रोड बाईक आहे का, म्हणून विचारले. आमच्याकडच्या सगळ्याच रोडवर चालतात, असे गुलजारभाईंनी उत्तर दिले. गृहस्थ आल्या पावली परत गेले. त्यांची पाठ बघत गुलजारभाई बराच वेळ उभे होते, आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला मागवले.

इथेच घोटाळा झाला. काळ्या सायकलीचा हिशेब सोपा असे. बावीस इंची शाळकरी पोराला, चोवीस इंची बाप्यामाणसाला. मोठा माणूस, मोठा आकडा. तेव्हा कंपनीच्या माणसाने फोनवर माप विचारताच गुलजारभाईंनी रुबाबात सांगितले, की सगळ्यात मोठे असेल ते पाठवा. रोड बाईक ज्याच्या त्याच्या टांगेच्या मापाने घ्यायची असते, हे खोके उघडल्यावर कळले. मी उभी राहिले आणि गुलजारभाईंनी मान वर केली. त्यांची बायको अख्तरबानू दुकानाचा सगळा व्यवहार बघत असे. तिने एवढेच विचारले, की हिच्याबरोबर शिडी पाठवली आहे का.

गिऱ्हाइके पुष्कळ आली. टायर चिमटीत दाबून बघायची. एका बोटाने मला उचलायची आणि ‘अरे वा’ म्हणायची. त्या ‘अरे वा’वर मी कितीतरी दिवस जगले, मित्रांनो. मग प्रश्न सुरू व्हायचे. स्टँड कुठे आहे? कॅरिअर बसेल का? पावसात चिखल उडाला तर? एकाने डबलसीट नेता येते का, म्हणून विचारले. गुलजारभाई म्हणाले, “साहेब, समोर रिक्षास्टँड आहे. तिघे बसतात.” तरीही कुणी कुणी हौसेने माझ्यावर चढत. एका पायाचा अंगठा कसाबसा जमिनीला टेके, दुसरा पाय हवेत, आणि तोंडावर झाडावर चढून बसलेल्या माणसाचे भाव. उतरल्यावर जो तो एकच वाक्य बोले. मस्त आहे, पण आपल्यासाठी नाही.

शेवटी अडचण होते म्हणून मला छताच्या हुकाला टांगले, चाके वर आणि हँडल खाली. तिथून मी पुणे उलटे पाहिले. खाली गोऱ्यापान, जाड्या टायरच्या सायकली येत आणि आठवड्यात कुणाचा तरी हात धरून जात. मी वरून बघत राही. चिमण्यांच्या चार पिढ्या माझ्या तारांत वाढल्या. एकदा तर मी स्वप्नात सिंहगडावर जाऊन आले आणि सकाळी पाहते तो टायरला तांबडी माती. गुलजारभाई म्हणाले, छत गळते आहे, कौलांची माती आहे. पुरावा दाखवला तरी माणसे ऐकत नाहीत.

मग माझे एकेक अवयव जाऊ लागले. पहिल्यांदा पायटे, म्हणजे पेडल, गेले, कारण एका घाईच्या गिऱ्हाइकाला ते हवे होते. पुढे सीट गेली. दर वेळी गुलजारभाई स्टुलावर चढून पान्याने मला सोडवत आणि हळूच म्हणत, की नवे आले की तुला बसवतो. ते खोटे बोलत नव्हते, विसरत होते. पुढचे चाक गेले त्या दिवशी मला कळले, की आता मला सायकल म्हणायलाही जागा उरली नाही. कुणी घेईल, ही आशा सोडून मी फक्त कुणी मोडू नये, एवढेच मागू लागले.

तेवढेही मिळेना. आजकालच्या गिऱ्हाइकाला झगमगाट लागतो, असे अख्तरबानूने ठरवले. दसरा झाला की दुकानाला खोटे छत आणि दिवे लागणार होते. खोट्या छताला हूक नसतात. जुन्या बाजारातला भंगारवाला गेनबा माल बघायला आला. त्याने मला खाली घेतले, बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केली, तराजूला अडकवले आणि तोंड वाकडे केले.

“लई हलकी हाय, भाई. हिचं काय वजनच भरत न्हाई.”

मित्रांनो, ज्या हलकेपणावर मी आयुष्यभर तोरा मिरवला, त्याच्यामुळे मी भंगारातही हलकी ठरले. तरी नेतो म्हणाला, मेहेरबानी केल्यासारखा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन येणार होता, तोवर मला पुन्हा हुकाला टांगले.

दसऱ्याला दुकान फुलून गेले होते. झेंडूच्या माळा घालून सायकली बाहेर पडत होत्या. सकाळी गुलजारभाई स्टुलावर चढले आणि त्यांनी माझ्या साखळीला तेल घातले. भंगारात निघालेल्या सायकलीला तेल कशाला, असे अख्तरबानूने खालून विचारले. त्यांनी आणखी दोन थेंब घातले. मला मात्र ते तेल म्हणजे शेवटची आंघोळ वाटली.

दुपार कलताना दोघी मायलेकी आल्या. मुलगी प्रियदर्शनी, येरवड्याच्या एका कंपनीत नोकरीला, राहायला धायरीत. ऑफिसच्या बसमध्ये बसून बसून तिचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून तिला सायकल हवी होती. आई विमलाबाई दसऱ्यासाठी यवतमाळहून आलेल्या. प्रियदर्शनी दारातून आत आली ती मान वाकवून. दार ठेंगणे नव्हते, मित्रांनो. तिला सवयच तशी होती. बोलतानासुद्धा ती एक गुडघा मुडपून, खांदे पाडून उभी राही, जणू आपली उंची कुणाच्या डोळ्यावर येऊ नये.

हे तिचे पाचवे-सहावे दुकान होते. गुलजारभाईंनी होत्या नव्हत्या तेवढ्या सायकली दाखवल्या. प्रत्येकीवर ती बसे, पायटे मारू लागे आणि गुडघे हँडलवर आपटत. सीट वर करकरून दांडा संपला. दुकानातली दोनचार माणसे बघू लागली. एकाला हसू आले. ती घाईने उतरली.

“जाऊ दे आई. माझ्या मापाचं काही बनतच नाही.”

विमलाबाईंना उलट बरेच वाटले असावे. स्थळे बघणे चालू होते आणि सायकलीवर ही पोर आणखी उंच दिसेल, हे त्या मघापासून सांगत होत्या. दोघी वळल्या. मी वरून पाहत होते. इतकी वर्षे जिच्यासाठी थांबले, ती माझ्याखालून चालली होती आणि मला ना घंटी, ना तोंड. उद्या हातगाडी येणार. काय करू? मी सगळा जीव साखळीत गोळा केला आणि तेलाचा एक थेंब सोडला. सकाळचे तेल जास्त झाले होते, असे गुलजारभाई अजून म्हणतात. म्हणोत बापडे. तो थेंब विमलाबाईंच्या बरोबर कपाळावर पडला, तो काही उगाच नाही.

“हे काय लटकवून ठेवलं जी वरतं?” पदराने कपाळ पुसत त्या म्हणाल्या. “सांगाडा हाय का सायकल हाय?”

प्रियदर्शनीने वर पाहिले, आणि पाहतच राहिली. ती विकायची नाही, ती अर्धीच आहे, उद्या भंगारात जायची आहे, असे गुलजारभाईंनी ओशाळून सांगितले. तरी दाखवायचीच तर थांबा, स्टूल आणतो, असे म्हणून ते मागे गेले.

ते स्टूल घेऊन आले तेव्हा मी जमिनीवर होते.

तिने नुसते हात वर केले होते. आजवर मला ज्याने ज्याने काढले त्याने स्टुलावर चढून काढले. तिने टाचासुद्धा उचलल्या नाहीत. मला समोर धरून ती उभी होती, आणि गुडघा मुडपायचे विसरली होती.

गुलजारभाई काचकूच करू लागले. ऐन सणाला मोडकी सायकल दिली म्हणून नाव जाईल, असे त्यांना वाटत होते. अख्तरबानू उठली. तिने काचेतल्या शोभेच्या सायकलीचे पुढचे चाक काढले आणि नवऱ्याच्या हातात ठेवले. “बिठाव,” ती म्हणाली. मग एक गुबगुबीत सीट आली, कुठल्यातरी खोक्यातून पायटे आले, नवे टायर चढले. पुढचे चाक चांदीसारखे, मागचे काळे. सगळे उसने दागिने घालून मी उभी राहिले. प्रियदर्शनी बसली. तिने पायटे फिरवले. गुडघे कुठेच लागले नाहीत. माझ्यावर बसायचे तर पाठ वाकवावीच लागते, मित्रांनो, पण त्या दिवशी ती स्वतःच्या मर्जीने वाकली.

आता पूजा झाल्याशिवाय नेणे नाही, असा विमलाबाईंनी हट्ट धरला. मला स्टँड नाही, म्हणून गुलजारभाई मला मागून धरून उभे राहिले. हळदकुंकू लागले, हार आला, आपट्याची पाने आली, चाकाखाली लिंबू आले. मग विमलाबाईंनी माझ्या चाकासमोरच्या दगडावर असा काही नारळ फोडला, की कोपऱ्यावरचे कुत्रे उठून गेले. प्रियदर्शनीने पायटा मारला. लिंबू फुटले. वारा लागला. पहिल्यांदाच, मित्रांनो. वाटले, आता थेट यवतमाळ.

कोपऱ्यापर्यंतही गेलो नाही. फुस्स आवाज झाला आणि पुढचे चाक बसले.

ती मला हाताने ढकलत परत घेऊन आली. विमलाबाई दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. “पहिल्याच पावलाले फुटली,” त्या पुटपुटल्या. “लक्षण बरं नाही. देऊन टाक वापस.” प्रियदर्शनी नको नको म्हणत होती, पण तिचे खांदे पुन्हा पडू लागले होते. दुकानात एक पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या दिवशी मी त्या पाटीला हात जोडले. पण गुलजारभाई पडले सज्जन. सणासुदीला मनात किंतू नको, आत्ता परत घेतो, म्हणाले. त्यांचा चांगुलपणा माझ्या मुळावर आला. रस्त्यापलीकडे मला गेनबाची हातगाडी दिसू लागली. ती तिथे नव्हती, हे मी कबूल करते.

बोलता बोलता सवयीने गुलजारभाईंचा अंगठा टायरवरून फिरत होता. तो थांबला. त्यांनी नखाने काहीतरी उपसून काढले आणि तळहातावर धरले. नारळाच्या करवंटीचा टोकदार तुकडा होता. त्याला पांढरे खोबरे चिकटले होते.

विमलाबाईंचा चेहरा उतरला. आपलाच नारळ, हे त्यांना दिसत होते.

गुलजारभाई शांतपणे म्हणाले, “काकू, नारळ देवाचा होता. हिने मधेच तोंड घातलं. इतकी वर्षं उपाशी टांगली होती हो.”

विमलाबाईंनी तो तुकडा उचलला. उलटसुलट पाहिला. खांदे हलू लागले, तेव्हा मला वाटले रडतात. त्या हसत होत्या.

“म्हणजे पहिला प्रसाद इनंच खाल्ला,” त्या म्हणाल्या. “माह्या पोरीवानीच हाय, दम निघत नाही.” आणि लेकीला म्हणाल्या, “पंक्चर काढून घे व. अन् सरळ बसत जाय. पाहू दे लोकायले.”

आता मी धायरीत असते. पहिल्याच रविवारी प्रियदर्शनीने भिंतीला एक हूक ठोकला. तिने मला टांगले. ती रात्र कशी काढली, ते माझे मला माहीत. सकाळी दूधवाला येऊन गेला आणि एक हात वर आला. स्टूल न घेता. हूक काही वाईट नसतो, मित्रांनो, सकाळी हात येणार असेल तर.

आमच्या सोसायटीत माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. हौसेने निवडून, घासाघीस करून आणलेल्या. त्यांच्यावर आता टॉवेल वाळतात. त्या बोलत नाहीत, कारण त्यांना माझ्यासारख्या थापा मारता येत नाहीत. तुमच्याही घरी गॅलरीत, माळ्यावर, जिन्याखाली कुणी तरी असेल. आज घरी गेलात की हात वर करा आणि तिला खाली घ्या. हात पुरत नसेल, तर स्टूल घ्या. पण घ्या. गेनबा कुणाच्या दारी कधी येईल, सांगता येत नाही.