वास नसलेले खत

मित्रांनो, चांदी म्हटले की तुम्हाला पैंजण आठवतील. मीही चांदीचाच कण. पण इतका बारीक, की मिरचीच्या एका बीवर माझी लाखो भावंडे बसली तरी तुम्हाला दिसणार नाहीत. गोवा राज्य होऊन पंचवीसेक वर्षे झाली होती, तेव्हा डिचोलीकडच्या एका मोज्यांच्या कारखान्यात मी आलो. घामाला वास आणणारे जिवाणू मारायचे, एवढेच माझे काम. त्याचा मला भारी गर्व होता.

एकदा कारखान्याने माझ्यासकट पिंपभर उरलेले द्रावण सरळ गटारात ओतले. वाहत वाहत मी कामगार वसाहतीच्या सांडपाण्याच्या टाकीत पोचलो. टाकी सांभाळणारा गुरुदास हा मूळचा इब्रामपूरचा. त्याच्या टाकीत कोट्यवधी जिवाणू घाण खाऊन पाणी स्वच्छ करत होते. मी त्यांना मारत सुटलो. मला दुसरे येतेच काय?

थोड्याच दिवसांत टाकीचा वास गेला. वर्षानुवर्षे नाक मुरडणारी वसाहत गुरुदासवर खूश झाली. "आतां खिडकी उघडूक मेळता रे!" म्हणत विनोदिनीबाईंनी त्याला घरात बोलावून चहा आणि गरम उंडे पाव दिले. असे कौतुक त्याच्या वाट्याला कधी आले नव्हते. रोज सकाळी तो काचेच्या नळकांड्यात टाकीतले पाणी भरून गाळ खाली बसतो का बघायचा; बसला म्हणजे टाकीतले जिवाणू धडधाकट. आता गाळ बसत नव्हता, वरचे पाणी गढूळच राहत होते. बसेल उद्या, म्हणत त्याने तिकडे काणाडोळा केला.

मी आणि माझी बहुतेक भावंडे त्या गाळाला चिकटलो होतो. गाळ उपसून उन्हात वाळवला गेला. एरवी त्याचा वास जायला तीन-चार महिने लागत. वास गेला म्हणजे खत कुजून तयार झाले, हे गुरुदास आपल्या आईकडून शिकला होता. या खेपेला पंधरा दिवसांतच वास नाही! त्याने दोन गोण्या भरल्या आणि कोरगावला दिलेल्या आपल्या थोरल्या बहिणीकडे, जानकीकडे, नेल्या.

जानकी मिरचीच्या रोपांचा वाफा करत होती. आईने दिलेली बी ती दरवर्षी राख लावून बाटलीत जपायची. आई गेली, इब्रामपूरच्या मळ्यात कोणी मिरची लावेना. ती बी आता फक्त जानकीकडे उरली होती. रात्री भिजवलेली ती सगळी बी तिच्या ओच्यात होती. भिजलेली बी पुन्हा बाटलीत जात नाही.

"बाय, वास घे मगे," गुरुदास म्हणाला.

तिने मूठभर खत नाकाशी धरले. "वास नाय. बरां कुजलां."

मला ओरडावेसे वाटत होते. वास मी मारला होता, बाई! गाळ कच्चाच होता. पण मला तोंड कुठे आहे? तिने अर्ध्या वाफ्यात खत मिसळले, वर बी टाकली आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी घमेले उचलले. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात तिची कोंबडी गोणीवर चढली. दोनदा उकरले, मान वाकडी करून पाहिले, आणि सरळ शेणाच्या जुन्या ढिगाकडे निघून गेली. जानकीचा हात थांबला. तिने गोणी जमिनीवर ओतली आणि बोटांनी उलथीपालथी केली.

"गुरू, ह्येच्यात एक किडो नाय. कोंबी उकरीत नाय. जिवंत कायच नाय रे ह्येच्यात!"

गुरुदासचा चेहरा उतरला. त्याला नळकांड्यातले गढूळ पाणी आठवले. "माझी टाकी मेली, बाय," तो म्हणाला. "आणि मी उंडे खात बसलंय."

दोघांनी तो अर्धा वाफा वीतभर खोल खरवडला. माती, खत, आईची बी, सगळे गोण्यांत भरले. जानकी रडत होती, पण तिचा हात थांबला नाही. उरलेली बी तिने शेणखतावर टाकली.

आता मी त्या गोण्यांसकट टाकीमागच्या निळ्या पिंपात आहे. झाकणावर खडूने 'उघडू नये' लिहिले आहे. गुरुदासने गटाराचा माग काढत कारखान्याच्या दारात जाऊन भांडण केले, दुसऱ्या टाकीतला जिवंत गाळ आणून आपली टाकी पुन्हा सुरू केली. वास परत आला. विनोदिनीबाई खिडकी लावून घेतात, आणि तो नळकांड्यात बसलेला गाळ बघून सुखाने श्वास घेतो. जानकीची उरलेली बी रुजली, हे मी त्याच्याच तोंडून ऐकले.

मित्रांनो, मी कुजत नाही, मरत नाही. मला घडवलेत, तर माझे पुढे काय करायचे तेही आधी ठरवा. इथे अंधारात माझ्याशेजारी आईची अर्धी बी आहे. भिजून फुगलेली ती बी रुजायची वाट बघते आहे, आणि मी तिला चिकटून बसलो आहे.