उजव्या पिळाचे सूत

कुसुमताईंच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायच्या आतच बबनरावाने सुताचा विषय काढला.

इंद्रायणीच्या घाटावर सारी भावकी बसली होती. कुसुमताई माझ्या थोरल्या जाऊबाई. एका चुलीवर आम्ही चाळीस वर्षे काढली. बबनराव नात्याने आमचा चुलत पुतण्या, एकदा सरपंच होऊन गेलेला आणि तेव्हापासून कोणाच्याही खाली न बसलेला. तो पाण्याकडे पाहत, पण मला नेमके ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला,

"थोरल्या काकू गेल्या, म्हंजी सूतबी गेलं म्हना की. आता चैताला देवाचं कसं करायचं?"

"घर हाय न्हवं अजून?" मी म्हणाले.

"घर हाय, काकू. पर कातणार कोण? तुमी? तुमी जलमभर नुसते हुकूम सोडले. कातायला हात लागत्यात."

दहाव्याला कोणी मोठ्याने हसत नाही. लोक माना खाली घालून हसले. मोठ्याने हसले असते तर मी त्यांना तेव्हाच उत्तर दिले असते. खाली मानेने हसणाऱ्यांना उत्तर द्यायला सवड लागते, आणि ती मी घ्यायचे ठरवले.

सूत म्हणजे काय, ते सांगते. आमच्या गावी चैत्रात नाथसाहेबांचे जोगेश्वरीशी लग्न लागते. हळद एका घरची, बाशिंगे दुसऱ्या घरची आणि सुतवण्याचे सूत आमच्या घरचे. मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार मानकरी एक बोट वर करून उभे राहतात, त्यांच्या बोटांभोवती सुताचे पाच वेढे देतात आणि मग त्या चौकोनात देव आणि देवी आणून बसवतात. ते सूत परड्यातल्या देवकापसाचे आणि आमच्या घरच्या बाईने हाताने कातलेले असावे लागते. एका वर्षाचा खंड पडला की मान त्या घरातून उठतो. तो पुन्हा परत येत नाही.

चाळीस वर्षे कुसुमताई कातत आल्या. मी एकदा टकळीला हात लावला, तर म्हणाल्या, "तू मानसं वळ, गवरा, मी सूत वळते." ती वाटणी मला सोयीची वाटली. जाऊबाई मरणारच नाहीत असे मी धरून चालले होते.

तेराव्यानंतर देवळात गावकी बसली. बबनरावाने आधीच सगळ्यांच्या कानाशी लागून ठेवले होते. "हातानं कातणारं गावात कोन ऱ्हायलंय? पुन्यातनं रीळ आनतो. पांढरंशिप्पट, एकसारखं. गावाचं नाव झालं पायजे."

देवळाचा गुरव चिमाजी जुन्या वळणाचा माणूस. तो म्हणाला, "रीत हातसुताची हाय. काकूंनी आनलं तर त्यांचंच. न्हाईच आनलं तर बबनरावांचं रीळ, आन् मानबी त्यांच्याच घरी."

"आनते," मी म्हणाले आणि उठले. दाराबाहेर पडेपर्यंत मला टकळी कोणत्या हाताने धरतात हेही ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर माझा मुलगा धनेश म्हणाला, "आई, कशाला जिवाला त्रास? हातसूत ऑनलाइन मिळतंय. दोन दिसांत दारात येतंय."

"मग मानबी तितनंच मागव," मी म्हणाले. तो चाकणच्या कंपनीत सुपरवायझर आहे. तेथे त्याला विचारल्याशिवाय कोणी पाना उचलत नाही म्हणे. घरात मात्र त्याने लगेच मोबाइल खिशात घातला.

आमची वरची जमीन कारखान्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर आम्ही दहा खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. सातव्या खोलीत साधना राहते, नांदेडकडची. नवरा चाकणला वेल्डर, ती स्वतः तळवड्याच्या एका वर्कशॉपात दुसऱ्या शिफ्टला पॅकिंग करते. तिची आई खादीच्या केंद्रात सूत कातत असे, एवढे मला ठाऊक होते. कारण नळावर बायका काय बोलतात ते मी वर खिडकीत बसून ऐकते. याच साधनेने उन्हाळ्यात सकाळी सहानंतर पाणी भरले म्हणून मी तिला दोनदा बोलले होते. आता तिला बोलावणे धाडले.

ती घाबरत आली. "आजी, मी आज सहाच्या आतच भरलंय पाणी."

"पान्याचं न्हाई. सूत कातता येतं का तुला?"

"येतंय की. लहानपणी आयसंग बसायची."

"मला शिकव. यात्रेपत्तूर."

तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, मग हातांकडे. हसू आले असावे, पण तिने ते गिळले. "शिकवते. पण मग माझा पण टाइम पाळावा लागंल. सहाच्या आत पेळू तयार पाहिजेत."

ओसरीवर तिने चटई अंथरली आणि बसली. मी तिच्या समोर खुर्चीवर बसले. घरमालकिणीने भाडेकरणीच्या चटईवर बसायची आमच्याकडे पद्धत नाही.

कापसातली सरकी काढणे, तो पिंजणे, काडीवर गुंडाळून त्याचे बोटाएवढे पेळू करणे, हे मला चार दिवसांत जमले. टकळी मात्र ऐकेना. ती लोखंडी काडी, खाली पितळी चकती. दिसायला कानातल्या डुलाएवढी निरुपद्रवी. फिरवली की सूत तुटे आणि ती फरशीवर खणकन पडे. आवाज सातव्या खोलीपर्यंत जाई आणि नळावरच्या बाया एकमेकींकडे पाहत.

"ओढू नगा, आजी. सोडा."

"सोडते तर तुटतंय."

"तुमी सोडत न्हाईत. तुमी सोडल्यासारखं करून धरून ठेवायलात. सुताला हुकूम कळत नसतंय."

तिच्या तोंडून हे ऐकून घेतले. बबनरावाचे शब्द तेच होते, पण तिने ते माझ्या कामासाठी वापरले होते. रोज टकळी पडली की मी मनात एकच नाव घेई आणि ती पुन्हा उचले. लोक समजतात की मी देवासाठी कातायला बसले. मी सुडासाठी कातायला बसले. देवाला ते ठाऊक आहे आणि त्याने अजून हरकत घेतलेली नाही.

फाल्गुन लागला. शेजारच्या वावरात खडीचे टिपर फिरू लागले, धूळ ओसरीवर येई आणि पेळू करडे पडत. पण महिनाअखेर माझ्या टकळीवर सूत उभे राहिले. कोठे दोरीएवढे जाड, कोठे केसाएवढे, पण सूत. सुपारीएवढ्या सुताच्या चार गुंड्या झाल्या. मी त्या ताटात मांडून पाहत बसे.

मग एके सकाळी सूत तुटले आणि मला बाजारात जायची घाई होती. साधना म्हणाली, "द्या इकडं, मी जोडून देते." तिने टोकाला पेळू लावला, टकळी फिरवली. टकळी दोन वेढे फिरली, मी कातलेले सूत फुगले, भुसभुशीत झाले, सुटले आणि टकळी फरशीवर पडली. तिने पुन्हा जोडले. पुन्हा तेच.

तिने सूत डोळ्यांजवळ धरून पाहिले. मग हळूच म्हणाली, "आजी, तुमी उलटं कातायलात."

"म्हंजी?"

"माझा पीळ उजवा. तुमचा डावा. मी उजव्या हातानं फिरवते. तुमी समोर बसून, माझ्याकडं बघून, डाव्या हातानं फिरवायलात. आरशात बघितल्यासारखं."

"मग म्हैनाभर तोंडात काय धरलं व्हतंस?"

"मला वाटलं, तुमच्या घरची रीत असंल. तुमाला कोण इचारणार?"

आमच्याकडे डावा पीळ मयताचा. तिरडी बांधायची दोरी डाव्या पिळाने वळतात, आणि वळणारा हात धुऊन मगच घरात येतो. महिनाभर मी देवाच्या लग्नासाठी तिरडीचे सूत कातले होते, आणि ते कशामुळे, तर मला चटईवर बसवत नव्हते म्हणून.

चारही गुंड्या मी स्वतः बंबात घातल्या. त्या जळेपर्यंत उभी राहिले. मग ओसरीवर आले, खुर्ची भिंतीला लावली आणि साधनेच्या उजव्या बाजूला, तिच्या मांडीला मांडी लावून चटईवर बसले.

"सरक जरा," मी म्हणाले. "आन् परत पहिल्यापासनं दाव."

पंचवीस दिवस उरले होते. पहाटेपासून तिची कामाची गाडी येईपर्यंत आम्ही कातत असू. बोटांना चिरा पडल्या. त्यांत तेल भरून पुन्हा बसे. उजवा हात नव्याने शिकत होता, पण एक गोष्ट त्या फुकट गेलेल्या महिन्याने मला देऊन ठेवली होती. कोणताही दोरा चिमटीत आला की तो कोणत्या अंगाचा आहे, हे मला डोळे मिटून कळू लागले. पिशवीची सुतळी, गोधडीचा टाका, धनेशच्या बुटाची नाडी. हात आपोआप उलगडून पाही.

यात्रेला आठ दिवस असताना बबनरावाने आपले रीळ देवळात आणून ठेवले, सगळ्यांनी पाहावे म्हणून. नारळाएवढे, पांढरेशुभ्र. मी दर्शनाला गेले तेव्हा सभामंडपात कोणी नव्हते. मी रिळाचे टोक चिमटीत धरले आणि उजवीकडे पीळ दिला. घट्ट होण्याऐवजी ते सैलावले, आणि तीन पदर सुटे होऊन माझ्या तळहातावर पडले. यंत्राने तीन दोरे घेऊन एकत्र वळले होते, आणि वळले होते डावीकडे.

मी टोक पुन्हा होते तसे गुंडाळून ठेवले, नाथसाहेबांना नमस्कार केला आणि घरी आले.

साधनेला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांला सांगा की, आजी. अजून आठ दिवस हायत. दुसरं आणतील."

"दुसरं आनू नये म्हनूनच सांगत न्हाई."

"चारचौघांत शोभा व्हईल त्यांची."

"माजी चारचौघांतच झाली व्हती, पोरी. दहाव्याच्या घाटावर."

तिने माझ्याकडे जरा भीतीनेच पाहिले. मी पेळू उचलला.

यात्रेच्या दिवशी दुपारी बाराचा मुहूर्त होता. चैत्राचे ऊन असे, की मांडवाचे पत्रे तडतडत होते. गाव लोटला होता. वाकडला फ्लॅट घेऊन राहिलेली पोरेसुद्धा गाड्या घेऊन आली होती. मी माझे सूत ताटात घेऊन पुढे झाले. बबनराव नवा फेटा बांधून उभाच होता. त्याने ताटात डोकावून पाहिले.

"काकू, ह्ये सूत हाय का शेवया?"

या वेळी लोक मान वर करून हसले. मी हसू पुरते थांबू दिले.

"शेवयाच हायत, बबन. घरच्या हायत. तुजं रीळ बघू."

त्याने मोठ्या दिमाखाने रीळ माझ्या हातात दिले. मी चिमाजीला हाक मारली, टोक त्याच्या चिमटीत दिले आणि म्हणाले, "उजवा पीळ दे."

चिमाजीने दिला. तीन पदर सुटले. त्याने दोरा दुसऱ्या जागी धरून पुन्हा तसाच पीळ दिला, पुन्हा सुटले. त्याने रीळ असे खाली ठेवले, जणू विंचू होता, आणि धोतराला हात पुसले.

"डावं हाय," तो म्हणाला.

पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना आणखी काही सांगावे लागले नाही. ते मागे सरकले. तरुण पोरे विचारू लागली, काय झाले, काय झाले. आणि उत्तर एकाकडून दुसऱ्याकडे जात मांडवाच्या बाहेरपर्यंत पोहोचताना मी ऐकले. बबनरावाने देवाच्या लग्नाला तिरडीचं सूत आणलं.

बबनरावाचा चेहरा फेट्याखाली लहान झाला. "मला काय म्हाईत... दुकानदारानं दिलं... काकू, तुमाला ठावं व्हतं?"

"मी कातते, बबन. कातनाऱ्याला कळतं."

चिमाजीने माझे ताट उचलले आणि देवापुढे ठेवले. मान राहिला. येथे दुसरी एखादी बाई थांबली असती. मी चौथ्या कोपऱ्याकडे बोट केले. त्या कोपऱ्यावर पत्रा नव्हता; ऊन सरळ जमिनीवर पडत होते. तेथला मानकरी कोण, ते ज्याचे सूत तो ठरवतो.

"बबन, तू हितं उभा ऱ्हा."

नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. सारा गाव पाहत होता. तो जाऊन उभा राहिला आणि त्याने बोट वर केले.

मी पहिला वेढा सुरू केला. दोन कोपरे झाले आणि सूत तुटले. कोणीतरी पुटपुटले, अपशकुन. चिमाजी म्हणाला, "तुटल्याला दोष न्हाई. हातसूत तुटायचंच. जोडायची रीत हाय. फकस्त जोडस्तोवर मानकऱ्यांनी बोट खाली आनायचं न्हाई."

तीन मानकरी सावलीत होते. चौथ्याच्या फेट्याखालून घाम ओघळून शर्टाच्या कॉलरमध्ये जात होता आणि वर धरलेल्या हाताला त्याने दुसऱ्या हाताचा टेकू दिला होता. मी कनवटीचा पेळू काढला, चष्मा पुसला आणि साधनेने शिकवले तसे, घाई न करता जोडायला बसले.

पाच वेढ्यांना पाऊण तास लागला. सूत सात वेळा तुटले. त्यांतल्या चार वेळा ते आपणहून तुटले.