नळाचं साफ पाणी

शनिवारी टबात एकेचाळीस बेडूकमासे होते. त्यांतल्या नऊ जणांना मागचे पाय आले होते. विद्यानगरच्या शाळेत मी निसर्गाचा वर्ग घेते. मुलांनीच ते मोजले. बेडकांना घाबरणाऱ्या योगिनीने त्या दिवशी एकाला तळहातावर घेतलं होतं.

सोमवारी दुपारी सगळे पोटं वर करून तरंगत होते.

"ताई, पाणी गंदं झालं होतं ना, म्हणून सकाळी मी नळाचं साफ पाणी भरलं," योगिनी म्हणाली. "झोपलेत का?"

"येडी, मेले सगळे!" वर्गातला कुलदीप ओरडला.

"मी मारलं, ताई?"

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात; त्याने बेडूकमाशांचे कल्ले जळतात. मी टबातलं पाणी परीक्षानळीत घेतलं, तपासणीचे थेंब टाकले. क्लोरीनचं प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅम निघालं, बेडूकमासे मरायला पुरेसं.