घारीचं कलम

घड्याळजींना टक्कल होतं आणि घारीला ते खपत नव्हतं. सगळं तिथून सुरू झालं असं त्यांचं मत होतं. पण मत घरात बोलून दाखवायची सवय त्यांना नव्हती. बाजारपेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं, संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या अर्जांचं शुद्धलेखन तपासायचं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

बायकोला सगळं शहर प्राणीताई म्हणायचं. निराधार जनावरांचा निवारा त्यांनी उभा केला होता आणि त्याच्या अध्यक्षही त्याच होत्या. जनावरांसाठी नगरपालिकेने नियम करावेत म्हणून त्या इतक्या वेळा पालिकेच्या पायऱ्या चढल्या, की शिपाई त्यांनी सांगायच्या आतच पंखा लावू लागला. सदस्य त्यांना हो हो म्हणून वाटेला लावत. शेवटी निवडणूक तोंडावर आली आणि मुक्या जिवांच्या विरोधात हात वर केलेला फोटो कुणालाच नको होता. उपविधी एकमताने मंजूर झाला. बऱ्याच जणांनी तो वाचलाही नव्हता.

त्यातली दोन कलमं ताईंची लाडकी. पहिलं, कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवायचं नाही, आवारात मोकळं सोडायचं. हे कलम शेजारच्या ठेकेदाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं, हे घड्याळजींना ठाऊक होतं, कारण मसुद्यातलं ठेकेदाराचं नाव त्यांनीच खोडलं होतं. दुसरं, रानपाखरांचं घरटं, अंडी, पिल्लं यांना पालिकेच्या अधिकृत माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि पाखरावर दगड, काठी किंवा तत्सम वस्तू उगारायची नाही. ‘तत्सम वस्तू’ हे शब्द घड्याळजींनी सुचवले होते. त्या शब्दांचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

कारण उपविधी लागू झाला आणि फाटकाशी असलेल्या निलगिरीच्या शेंड्यावर घारीने घर केलं. पिल्लं निघाली तशी घार तापट झाली. तिचा राग फक्त घड्याळजींवर. ताई खालून गेल्या तर ती मान वळवायची. पोस्टमन आला तर ढुंकून बघायची नाही. घड्याळजींचं डोकं दिसलं की मात्र वरून दगड सुटावा तशी यायची. पहिल्यांदा नुसता वारा लागला. दुसऱ्यांदा टोपी गेली. तिसऱ्यांदा डोक्यावर नख्यांची रेघ उमटली आणि घड्याळजी रक्ताळलेला रुमाल डोक्याला लावून परत घरात आले.

“तुम्ही वर बघता, म्हणून तिला भीती वाटते,” हळद लावता लावता ताई म्हणाल्या.

घड्याळजींनी छत्री मागितली. ताईंनी दिली, पण उघडूनच न्यायची आणि उघडीच ठेवायची अशी अट घातली. मिटलेली छत्री म्हणजे तत्सम वस्तू.

उघडी छत्री घारीने दुसऱ्या दिवशी फाडली. मग मागच्या दाराने जायचं ठरलं. मागचा बोळ ठेकेदाराच्या आवारातून जात होता आणि त्या आवारात आता ठेकेदाराचा कुत्रा कायद्याने मोकळा होता. जन्मभर साखळीला राहिल्यामुळे मोकळ्या कुत्र्याने काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो आपला येईल त्याच्या पोटरीला लागायचा. पुढे घार, मागे कुत्रा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते आपल्याच अक्षरात लिहिलेलं असावं, हे घड्याळजींना जिव्हारी लागलं.

ठेकेदार कुंपणापाशी उभा राहून सहानुभूती दाखवायचा. बांधून ठेवलं असतं हो, पण आता कायदा आहे ना, असं प्रत्येक वेळी म्हणायचा. म्हणताना तो फार खुशीत दिसायचा.

शेवटी दुकान काही दिवस बंद ठेवून घड्याळजी घरी बसले. करायला काही नव्हतं, म्हणून खिडकीत बसून ते घारीकडे बघू लागले. आधी रागाने, मग नुसतेच. डोळ्याचं भिंग तिथे उपयोगाचं नव्हतं. निवाऱ्यातली दुर्बीण ताईंनी आणून दिली. दोन पिल्लं होती. एक धीट, एक भित्रं. धीट पिल्लू भावाच्या तोंडचा घास पळवायचं आणि घड्याळजींना आपला थोरला भाऊ आठवायचा. जेवताना ते ताईंना सांगू लागले, आज धाकट्याला मिळालं, आज नाही मिळालं. इतकी वर्षं ताई बोलायच्या आणि ते ऐकायचे. आता उलटं झालं होतं आणि ताईंना ते फारसं रुचत नसावं.

मग एका दुपारी वारा सुटला आणि धाकटं पिल्लू खाली आलं. पुरतं उडता न येणारं, पंख पसरून फाटकाशी बसलेलं. घड्याळजींनी हाक मारली. ताई खिडकीशी आल्या. त्यांनी लगेच पालिकेला फोन लावला. उत्तर आलं की अधिकृत माणूस नव्या उपविधीच्या प्रशिक्षणाला गेलाय, उद्या येईल.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून कुत्र्याचं नाक आत आलं. मग डोकं. मग खांदे.

“अगं, कलम,” घड्याळजी म्हणाले. त्यांना थांबवायचं होतं की आठवण करून द्यायची होती, हे त्यांचं त्यांनाच नंतर सांगता आलं नाही.

ताई टॉवेल घेऊन बाहेर पळाल्या. एका हाताने त्यांनी पिल्लू टॉवेलात घेतलं, दुसऱ्या हातातली चप्पल कुत्र्यावर उगारली आणि त्याच क्षणी घार त्यांच्या अंबाड्यावर उतरली. ताईंनी पिल्लू सोडलं नाही. वाकून, डोळे मिटून त्या पायरीपर्यंत आल्या. घड्याळजी दार उघडून उभे होते. बाहेर पडून बायकोच्या आणि घारीच्या मध्ये त्यांनी आपलं टक्कल धरलं. विचार करून नव्हे. तेवढंच त्यांच्याजवळ होतं. घारीने जुन्या ओळखीला मान दिला.

संध्याकाळी पिल्लू टोपलीत घालून, लांब काठीने खालच्या फांदीला अडकवलं. अंधार पडायच्या आत घार त्याला भरवून गेली. घरात दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या डोक्याला हळद लावत होती.

“दुखतं हो खूप,” ताई म्हणाल्या.

घड्याळजींनी हळदीची वाटी पुढे सरकवली. इतकं समाधान त्यांना बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

ठेकेदाराने सगळं कुंपणावरून पाहिलं होतं; त्याने तक्रार केली. नियमाप्रमाणेच केली, त्यात खोटा शब्द एक नव्हता. पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. अधिकारी बिचारा अवघडला होता. त्याने ताईंना सुचवून पाहिलं की पिल्लू कदाचित स्वतःच टॉवेलात येऊन बसलं असेल. ताईंना ते अपमानास्पद वाटलं. मग त्याने मोठ्या आशेने साक्षीदाराकडे, म्हणजे घड्याळजींकडे बघितलं आणि विचारलं, यांनी पिल्लाला हात लावला का?

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. खोटं बोललेलं तिला चाललं नसतं.

“लावला,” ते म्हणाले. “माझ्या देखत.”

पहिला गुन्हा म्हणून शिक्षा सौम्य होती. काही रविवार जनावरांच्या निवाऱ्यात सेवा करायची. शहरात निवारा एकच होता आणि आरोपी त्याच्या अध्यक्ष होत्या. ताईंनी स्वतःच हरकत घेतली की आपल्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला आपणच द्यायचा हे बरं दिसत नाही, देखरेखीला बाहेरचा माणूस हवा. अधिकाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत बाहेरचा माणूस म्हणजे ठेकेदारच होता.

म्हणून मग दर रविवारी ताई कुत्र्यांचे पिंजरे धुवायच्या आणि ठेकेदार खुर्ची टाकून बघत बसायचा. आपल्या कुत्र्यालाही सोबत आणायचा. पहिल्या रविवारी त्याने ताईंना कोपरा राहिल्याचं दाखवलं. दुसऱ्या रविवारी बसून कंटाळा आला म्हणून पाण्याची नळी धरली. त्याच्या कुत्र्याच्या कानामागची खरूज ताईंनी तिथेच पाहिली आणि औषध लावलं. सेवा संपली तरी ठेकेदार येतच राहिला. घरी येऊन ताई म्हणाल्या, माणूस वाईट नाही, त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. घड्याळजींना वाटलं, निवाऱ्यातर्फे त्याला पाच वर्षांत पाच नोटिसा पाठवून झाल्यावर हे कळलं, तेही थोडं नाही.

पिल्लं उडून गेली. घड्याळजी दुकानात जाऊ लागले. जाताना झाडाखाली थोडं थांबून वर बघायचे; वरून कुणी येत नसे, त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

एका संध्याकाळी ताई टेबलाशी बसून नव्या कलमाचा मसुदा करत होत्या. जीव धोक्यात असेल आणि अधिकृत माणूस वेळेवर मिळत नसेल, तर जवळच्या माणसाने मदत करावी, तो गुन्हा धरू नये. शुद्धलेखनासाठी त्यांनी कागद नवऱ्यापुढे सरकवला. घड्याळजींनी ऱ्हस्वदीर्घ नीट केलं आणि कागद परत देताना म्हणाले, या सवलतीत नवऱ्यांचाही उल्लेख असावा.

ताईंनी पेन उचललं.

“कुठे घालू?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. “पाळीवमध्ये की वन्यमध्ये?”