घरगाडीची बुजवलेली भोकं

मी एक जुनी घरगाडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, नाक मुरडायचं नाही. पुढे ट्रकचं इंजिन, मागे पलंग, शेगडी, मोरी आणि कपाटं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पोरांना झोपायला माळा. तुमची घरं जन्मभर एका जागी बसून असतात. मी हा अख्खा देश उभा-आडवा पालथा घातला आहे.

बॅलरॅट गावाजवळच्या एका शेडमध्ये दोघा भावांनी मला बांधलं. लाकूड चांगलं वापरलं, एकही खिळा वाकडा ठोकला नाही. रॉस आणि ग्लेंडा ह्या जोडप्यानं मला घेतलं, तेव्हा त्यांची मुलगी नरेल शाळेत जात होती. ओसाड माळरानातून आम्ही कितीदा गेलो! वाटेत कांगारू आडवे यायचे, चाकं लाल धुळीत रुतायची. नरेल माळ्यावर पालथी पडून तारे मोजायची आणि मोजता मोजता झोपायची. वॉलारू गावच्या मेळाव्यात लोक मला बघायला रांग लावत. तेव्हा कुणी मला म्हातारी म्हटलं नाही.

पुढे नरेल लग्न करून दूर पर्थला गेली. रॉसचे गुडघे गेले. मी घरामागे उभी राहिले ती उभीच. कुंपणापलीकडे बार्लीचं शेत. कापणी झाली की उंदीर बेघर होतात आणि माझ्या पोटात घर करतात. मी अख्खा देश बघितलेली, आणि उंदरांची धर्मशाळा झाले. असो.

आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. ह्या नाताळला नरेल पोरांना घेऊन येणार होती. ही साधी गोष्ट नव्हती. मागच्या वेळी रॉसनं जोडलेली माझी पायरी तिच्या पायाखालीच मोडली आणि तिचा घोटा फुटला. जाताना ती म्हणाली होती, "डॅड, तुझ्या ठिगळांवर मी पोरांना पुन्हा झोपवणार नाही." तेव्हापासून ती आली नव्हती. आता आईनं फोनवर किती विनवण्या केल्या, ते मी खिडकीतून ऐकलं आहे. ह्या वेळी काही बिघडलं, तर ही लेक पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाही, हे रॉसला कळत होतं. म्हणून तर तो झपाटल्यासारखा कामाला लागला.

पण झपाटलेला माणूस डोळ्यांनी कमी बघतो. घरातल्या स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीला वाळवी लागली होती, म्हणून ह्यानं पाहुणे यायच्या बेतात असताना अख्खी जमीन उखडून ठेवली. आता रांधायचं माझ्यात आणि पोरांनी झोपायचंही माझ्यातच. मग माझं छप्पर चिकटवलं, मला पांढरा रंग दिला. शेगडी ओढून काढली, तिच्या मागची फळी बदलली, शेगडी पुन्हा आत ढकलली. ढकलताना मागची गॅसची रबरी नळी पिळली गेली. नळी माझ्याइतकीच जुनी. तिला चीर पडली. मला कळलं. त्याला नाही.

आणि उंदरांवर त्यानं इलाज काढला. माझ्या तळाशी जमिनीलगत जाळीची भोकं आहेत. त्यांत त्यानं भांडी घासायचा तारेचा काथ्या कोंबला आणि वरून डिंकासारखा मसाला थापला. ह्या गावात सगळे असंच करतात, कारण तारेचा काथ्या उंदीर कुरतडत नाही. पण ती भोकं उंदरांनी पाडलेली नव्हती! त्या भावांनी मुद्दाम ठेवली होती. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बसतो, आणि खालूनच बाहेर पडायला त्याला वाट लागते. रॉसनं ती वाटच बुजवली.

"बघ, नवरीसारखी दिसतेय," तो हात पुसत म्हणाला.

"नवरीचं तोंड रंगवलंस, पोट कोण बघणार?" ग्लेंडा म्हणाली. "गॅसवाल्याला बोलाव म्हटलं होतं मी."

"कशाला? त्याच्याकडे परवाना आहे, माझ्याकडे अक्कल आहे."

"परवाना निदान दिसतो तरी."

हसली, पण तिनं फोन केला नाही. नवऱ्याचं मन मोडायचं नव्हतं तिला. इथंच चुकलं.

नरेल आली. सोबत टिली आणि तिचा मोठा भाऊ हॅमिश. रात्र बरी गेली, कारण सिलिंडर अजून जोडला नव्हता. सकाळी समुद्राच्या धक्क्यावर जाऊन सगळ्यांनी निळे खेकडे पकडले. बादली माझ्या दाराशी आली. दुपारी उत्तरेचा वारा सुटला. तो तुम्हाला माहीत नसेल. भट्टीचं दार उघडल्यासारखा येतो आणि बार्लीचा भुसा डोळ्यांत भरतो. अशा वाऱ्यात बाहेर चूल पेटवायची म्हणजे शेजाऱ्याचं शेत पेटवायचं.

"खेकडे आतच उकडू," ग्लेंडा म्हणाली. "खिडक्या लावून घ्या रे, सगळा भुसा आत येतोय."

रॉसनं नवा सिलिंडर जोडला आणि चावी सोडली.

मित्रांनो, माझ्या पोटात सुस्स आवाज सुरू झाला. वाऱ्याच्या घोंगाटात तो कुणाला ऐकू येणार? वास होता, पण रंगाचा वास त्याहून मोठा, आणि खेकड्यांचा त्याहूनही मोठा. खिडक्या बंद. भोकं बंद. गॅस माझ्या तळाशी साचत गेला. हॅमिश माळ्यावर लोळत होता. टिली खाली गार जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. मी काय करणार? दार आपटलं. "वारा आहे," म्हणाले. पत्रा कुरकुरवला. "म्हातारी कुरकुरते," म्हणाले.

ग्लेंडानं पातेलं शेगडीवर ठेवलं. लायटर हातात घेतला.

"शी!" टिली खालून ओरडली. "पॉप पादला!"

नातवंडं रॉसला पॉप म्हणतात. तो दारात बादली घेऊन उभा होता. "मी? अगं मी तर बाहेर आहे!"

"तूच! कुजक्या अंड्याचा वास येतोय. इथं खाली येऊन बघ."

"खेकड्यांचा वास आहे, येडे," हॅमिश माळ्यावरून म्हणाला.

ग्लेंडा हसत होती. अंगठा लायटरच्या खटक्यावर. "ह्या माणसाच्या पोटात काही ठरतच नाही..." आणि ती थांबली. "खेकडे तर जिवंत आहेत. कुजतील कसे?"

तिनं खटका दाबला नाही. एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि नाक जमिनीशी नेलं. तिचं तोंड माझ्या रंगाहून पांढरं झालं.

"सगळे बाहेर. आत्ता. चपला राहू देत!"

"अगं, रंगाचा वास तो," रॉस आत चढत म्हणाला. "थांब, पंखा लावतो." त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"हात काढ!" तिनं त्याच्या मनगटावर फटका मारला. "ठिणगी पडली तर खेकड्यांआधी आपण उकडू!"

टिलीला काखेत, हॅमिशला दंडाला धरून तिनं बाहेर काढलं. रॉसनं धावत जाऊन सिलिंडरची चावी बंद केली. दार सताड उघडं राहिलं. ज्या वाऱ्याला शिव्या दिल्या, तोच माझ्या पोटातून आरपार गेला.

नरेल घरातून धावत आली. पोरं तापल्या गवतावर अनवाणी नाचत होती.

"काय झालं?"

"पॉप पादला नव्हता, मम," टिली म्हणाली. "गॅस पादला."

कुणी हसलं नाही. नरेल वाकली, माझ्या तळाशी बघत गेली. एकेका भोकावर बोट ठेवलं. "ही कुणी बुजवली?"

"उंदीर यायचे," रॉस म्हणाला. "तुला त्रास नको म्हणून..."

"उंदरांनी पोरं मेली नसती, डॅड."

तिनं बॅगा आपल्या मोटारीत टाकायला सुरुवात केली. मला वाटलं, झालं. आता रॉस तोंड उघडणार. मीच करतो, आत्ता दुरुस्त करतो, असं म्हणणार. तेच म्हणत तर तो म्हातारा झाला. पण तो चिमटा घेऊन माझ्याखाली सरपटत गेला. तारेचा काथ्या ओढून काढू लागला. बोटं कापली, गुडघे त्या तापलेल्या मातीत भाजले, तरी थांबला नाही. बाहेर आला तेव्हा लेकीकडे बघायची हिंमत नव्हती त्याच्यात.

"गॅसवाल्याला फोन लाव," तो ग्लेंडाला म्हणाला. "मला काय येत नाही, ते मीच सांगतो त्याला. नरेल, तोवर तुम्ही लॉजवर राहा. बॅगा मी उचलतो."

आणि त्यानं उचलल्या. ग्लेंडा अंगणात उभी राहून बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा टोमणा मारायला विसरली.

गॅसवाला आला. नळी हातात धरून नुसता मान हलवत राहिला. नवी नळी आली, भोकांना उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी आली. मग एका सकाळी नरेल एकटीच माझ्यात चढली. खाली वाकून वास घेतला. खिडकी उघडली. शेगडी पेटवली. बाप दारातच उभा होता, आत यायला घाबरत.

"ये आत," ती म्हणाली. "चहा होतोय."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल. गाडी असेल, शेगडी असेल, पंखा असेल. पाहुणे यायचे म्हणून तिला नटवू नका, आधी तपासा. आणि घरातला कर्ता माणूस छाती ठोकून "मला सगळं येतं" म्हणाला, तर त्याचं मन राखण्यासाठी गप्प बसू नका. मन मोडलं तर जोडता येतं. मी सांगते, मी मोडलेल्या वस्तूंमध्ये जन्म काढला आहे.