रंगीत शत्रुघ्न

"यांचं वय काय होतं?" परेशने विचारलं.

"होतं नाय, हाय," भागूबाई म्हणाल्या. "बासष्ट."

भागूबाई गास गावाहून बोळिंजला परेशच्या फ्लेक्सच्या दुकानात पहिल्यांदाच आल्या होत्या. विसरभोळेपणाचा आजार असलेला त्यांचा नवरा शत्रुघ्न विळ्याला धार लावायला म्हणून निघाला, त्याला अठरा दिवस झाले होते. पोलिसांनी नोंद घेतली होती. ती त्यांच्याकडे सुखरूप होती.

परेशच्या कॉम्प्युटरमध्ये तीनच साचे होते: वाढदिवस, श्रद्धांजली आणि नेता. नऊ वर्षांत कुणाला चौथा लागला नव्हता. आधारकार्डाच्या झेरॉक्सवरचा काळापांढरा फोटो त्याने मधोमध बसवला. खाली 'हरवले आहेत' आणि भागूबाईंचा नंबर.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या फ्लेक्ससमोर दोन वाटसरू चपला काढून उभे होते. संध्याकाळपर्यंत झेंडूचा हार चढला. फोन एकच आला. दिवसकार्य कुठे आहे, विचारायला.

भागूबाई हार घेऊनच दुकानात आल्या. "हरवले लिवलंय ना? मंग लोकं हात कशाला जोडतात?"

"वाचतंय कोण, मावशी? काळापांढरा फोटो मधोमध, म्हणजे माणूस गेला. खाली मी काय पण लिहू दे."

"मंग रंगीत कर. हसरा कर."

"हसायचे का ते?"

"नाय. पन कर."

परेशने गालांना रंग दिला, ओठांची टोकं उचलली. फोटो मानेपर्यंतच होता, म्हणून धड नेत्याच्या साच्यातलं घेतलं. पांढरा सदरा, जोडलेले हात. आयुष्यभर बनियनवर वावरलेला शत्रुघ्न नाक्यावर दहा फुटांचा उभा राहिला.

दुपारपर्यंत चाळीस फोन आले. एकाला गटार उपसून हवं होतं, एकाला मुलीचा शाळाप्रवेश. एकाने बिनशर्त पाठिंबा दिला. शत्रुघ्नला पाहिलेला कुणीच नव्हता.

परेश स्वतः गासला गेला. "चुकलं माझं, मावशी. फ्लेक्स उतरवतो. तुम्ही नंबर बंद करा."

"बंद कसा करू? येक फोन त्यांचा आसंल तर?"

तेवढ्यात फोन वाजला. चंदनसारहून कुणी बाई बोलत होती. "साहेब आहेत का? आमच्या बिल्डिंगला चार दिवस पाणी नाही."

भागूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बिल्डिंगचं नाव विचारलं, मजले विचारले, लहान पोरं किती तेही विचारलं.

"ते भायेर गेलेत," त्या म्हणाल्या. "आले का सांगते."