तपकिरी व्हॅन, लाल ट्रक

जॉयस बेपत्ता झाली त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत हाती लागलेला धागा एकच: तिला घेऊन गेलेली तपकिरी व्हॅन. तिची थोरली बहीण व्हर्ना हे शेरीफपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून सांगून थकली होती. म्हणून टीव्हीवाले या प्रकरणावर सिनेमा काढायला इंडियानातल्या त्यांच्या गावात आले, तेव्हा तिने एकाच अटीवर सही केली: सिनेमा संपल्यावर पडद्यावर फोन नंबर झळकला पाहिजे. कुणीतरी काहीतरी पाहिलंच असेल की!

नंबर झळकला. पण व्हॅनच्या जागी लाल ट्रक! शूटिंगच्या वेळीच व्हर्ना दिग्दर्शकावर कडाडली होती, "अहो, तपकिरी व्हॅन होती ती!"

"बाई, तपकिरी रंग पडद्यावर चिखलासारखा दिसतो," तो म्हणाला. "लाल कसा, लक्षात राहतो."

राहिला ना! अख्ख्या गावाने चर्चच्या हॉलमध्ये मॅकरोनी-चीज चापत सिनेमा पाहिला. बेकरीवाल्याच्या बायकोला राग कशाचा, तर तिचं काम करणारी नटी जाडी होती. शेरीफ खूश, कारण पडद्यावर त्याला डोकंभर केस होते. जॉयसबद्दल कुणी अवाक्षर काढेल तर शपथ!

शेरीफच्या कचेरीतल्या फोनवर चर्चमधल्याच बायका पाळीपाळीने बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना धावतपळत तिथे पोचली, तर भजनमंडळाची पुढारीण युनिस खुर्चीतूनच वही फडकवू लागली.

"दोनशे अकरा फोन, व्हर्ना! एकशे चाळीस जणांनी लाल ट्रक पाहिलाय, अगदी स्वतःच्या डोळ्यांनी. बाकीच्यांना ट्रक चालवणाऱ्या त्या नटाचा पत्ता हवा होता."

व्हर्नाने कपाळावर हात मारला. "आणि व्हॅन? व्हॅनचं कुणीच बोललं नाही?"

"एक होता ना खुळा! म्हणे तपकिरी व्हॅन माझ्या भावाच्या कोठारात आहे, नऊ वर्षं ताडपत्रीखाली. रडत होता मेला. मी चांगला खडसावला. म्हटलं, आधी सिनेमा नीट बघा, उगाच लाइन अडवू नका!"

"नाव काय त्याचं? युनिस, नाव लिहून घेतलंस ना गं?"

"चुकीच्या माहितीचं नाव कशाला लिहायचं?" युनिस फणकारली. "म्हटलं, परत फोन करू नका."

व्हर्नाने तिला दंड धरून खुर्चीतून उठवलं आणि स्वतः फोनपाशी बसली. पाच दिवस बसली. त्या माणसाने मात्र युनिसचं ऐकलं, परत फोन केला नाही.